मृत्यूचे आणि पुन्हा उगवण्याचे देव: प्राचीन इजिप्तबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इजिप्तची सहल करून आलेली मंडळी, सहावी-सातवीतली मुलं आणि रात्री उशिरापर्यंत ममीचे व्हिडिओ बघणारे मित्र साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरं एका मापाची नाहीत. जिथे गंमत जास्त आहे तिथे रेंगाळलो आहे.

इजिप्तमध्ये मृत्यूचा देव कोण?

एकच नाव हवं असेल तर ओसायरिस. पण हा प्रश्न आपण आपल्या सवयीने विचारतो. मृत्यूचा देव म्हटलं की रेड्यावर बसून पाश टाकणारा यम आपल्या डोळ्यांसमोर येतो. माणसाच्या दारात येऊन प्राण घेऊन जाणारा असा ठळक देव इजिप्तच्या चित्रांत दिसत नाही. रोगराई पाठवायची ती सिंहमुखी सेखमेतने. ज्यांना आपण मृत्यूचे देव म्हणतो त्यांचं काम माणूस गेल्यावर सुरू होतं, आणि ते बहुतेक सगळे मेलेल्याच्या बाजूचे असतात. अनुबिस देह टिकवतो, आयसिस आणि नेफ्थिस या बहिणी रडून त्याला जागं करतात, थॉथ हिशेब लिहितो, आकाशाची देवी नूत पोटात घेते, ओसायरिस आपल्या राज्यात जागा देतो. त्यांना ‘मृतांचे देव’ म्हटलेलं जास्त बरोबर.

नावांचं एक सांगून ठेवतो. ओसायरिस, आयसिस, अनुबिस ही ग्रीकांच्या तोंडची रूपं आहेत. इजिप्तच्या लिपीत स्वर लिहीत नसत, त्यामुळे मूळ उच्चार अंदाजानेच करावे लागतात: उसिर, असेत, इन्पू असे काहीसे.

ओसायरिसची गोष्ट काय आहे?

ओसायरिस हा पृथ्वीवरचा चांगला राजा, आयसिस त्याची बहीण आणि बायको. धाकटा भाऊ सेथ त्याच्यावर जळायचा. त्याने भावाच्या मापाची सुंदर पेटी करून घेतली, मेजवानीत ‘ज्याला बसेल त्याची’ म्हणून मांडली, आणि ओसायरिस आत निजताच झाकण ठोकून नदीत सोडली. आयसिसने पेटी शोधून आणली, तर सेथने देहाचे चौदा तुकडे करून देशभर फेकले. तिने ते गोळा केले. एकच अवयव मिळाला नाही, लिंग, कारण ते माशांनी खाल्लं होतं.

ही पेटीची आणि चौदा तुकड्यांची सलग गोष्ट आपल्याला मिळते ती प्लूटार्क या ग्रीक लेखकाकडून, तीही ओसायरिसच्या पूजेला अडीच हजार वर्षं होत आल्यावर. स्वतः इजिप्शियन लोक खुनाचा प्रसंग सरळ सांगायचं टाळत. लूव्र संग्रहालयात अमेनमोसे नावाच्या माणसाचा शिलालेख आहे. त्यात ओसायरिसचं मोठं स्तोत्र आहे. आयसिस त्याला शोधत दमली, पंखांनी सावली आणि वारा घातला, त्याच्यापासून तिला मूल झालं, हे सगळं त्यात आहे. त्याला मारलं कसं, ते मात्र नाही. त्यांच्या लेखी शब्द कोरला की ती गोष्ट घडत राहते, मग हा प्रसंग दगडात कोण कोरणार? आपल्याकडेही घरात ‘दिवा विझवला’ असं म्हणत नाहीत, तशीच ही धास्ती.

मूल झालं ते होरस. तो मोठा होऊन काकाशी भांडतो आणि बापाची गादी मिळवतो. म्हणून सिंहासनावरचा जिवंत राजा नेहमी होरस आणि गेलेला राजा नेहमी ओसायरिस.

ओसायरिस हिरवा किंवा काळा का रंगवतात?

कारण तो पीक आहे.

दर उन्हाळ्यात नाईलला पूर यायचा आणि ओसरताना काठावर काळा गाळ टाकून जायचा. त्या गाळावरून देशाचं नाव पडलं ‘केमेत’, म्हणजे काळी. पलीकडचं वाळवंट ‘देशरेत’, म्हणजे तांबडी. आपल्या गावात शेताला ‘काळी’ आणि वस्तीला ‘पांढरी’ म्हणतात, त्यामुळे मराठी माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. काळ्या रंगाचा ओसायरिस म्हणजे ती जमीन, हिरवा ओसायरिस म्हणजे तिच्यातून वर आलेला कोंब.

१९२२ साली हॉवर्ड कार्टर या ब्रिटिश उत्खननकाराला तुतनखामेन राजाची कबर सापडली. सोन्याच्या मुखवट्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत. पण त्याच कबरीत एक साधी वस्तू होती, ती मला मुखवट्याहून बोलकी वाटते. माणसाएवढी लांब लाकडी चौकट, आकार ओसायरिसचा, डोक्यावर मुकुटही. आत नाईलचा गाळ भरून धान्य पेरलेलं आणि पाणी घातलेलं. अंकुर फुटले, आणि मग सगळं तागाच्या कापडात गुंडाळून ठेवून दिलं. कबरीचं दार बंद झाल्यावर अंधारातही ते कोंब तसेच राहिले, पिवळे आणि वाळलेले.

घटस्थापनेला पत्रावळीवर काळी माती पसरून आपण धान्य पेरतो आणि नवव्या दिवशी पिवळट कोंब वर आलेले असतात, ते आठवलं ना? दोन्हींचा इतिहासात काही संबंध नाही, उगाच कोणी फॉरवर्ड करू नये. पण शेतावर जगणाऱ्या माणसाला ‘मेलेलं पुन्हा येतं’ हे दाखवायचं झालं की हात दाण्याकडेच जातो.

पूर ओसरण्याच्या दिवसांत खोइयाक महिन्यात याचा उत्सव असे. साच्यात माती आणि सातू घालून ओसायरिसची मूर्ती करायची, पाणी घालायचं आणि नंतर विधीपूर्वक पुरायची. देंदेराच्या देवळाच्या भिंतींवर याची सविस्तर कृती कोरलेली आहे, पाककृतीसारखी, मापांसकट.

ओसायरिसचं मुख्य तीर्थ कुठे होतं?

अबायडोसला. तिथे पहिल्या राजवंशातल्या जेर राजाची कबर होती, साधारण इ.स.पू. ३००० ची. हजार वर्षांनी लोकांनी ठरवलं की ही खुद्द ओसायरिसची कबर. तेव्हापासून भाविक तिथे मातीची भांडी वाहू लागले. इतकी की आज त्या जागेचं अरबी नाव ‘उम्म अल-काब’ आहे, म्हणजे ‘भांड्यांची आई’. पायाखाली खापरांचा खच असतो.

वर्षातून एकदा देवाची मूर्ती नेशमेत नावाच्या होडीत घालून देवळापासून त्या कबरीपर्यंत मिरवत नेत. वाटेत शत्रूंशी लुटुपुटीची लढाई होई, कबरीजवळ रात्र जाई आणि जिवंत झालेला देव जयजयकारात परत येई. तिसऱ्या सेनुस्रेतच्या काळातला इखेरनोफ्रेत हा बडा अधिकारी सांगतो की त्याने स्वतः ही मिरवणूक पार पाडली. त्याचा तो शिलालेख आता बर्लिनमध्ये आहे. ज्यांना परवडे ते मिरवणुकीच्या वाटेलगत छोटी देवळी बांधून आपल्या नावाचा दगड बसवत. पालखीच्या वाटेवर आपलं घर असावं, मेल्यावरही दरवर्षी दर्शन चुकू नये, एवढाच हेतू.

म्हणजे ते आपल्यासारखा पुनर्जन्म मानत होते का?

नाही. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. ‘रीबर्थ’चं मराठी आपण पटकन ‘पुनर्जन्म’ करतो आणि चुकतो.

पुनर्जन्म म्हटलं की आपल्या मनात नवा देह, नवी आई आणि मागच्या जन्माचा विसर येतो. इजिप्शियन माणसाला यातलं काहीच नको होतं. त्याला तोच देह, तेच नाव, तीच बायको आणि तेच शेत हवं होतं. मेल्यावर तो पुन्हा जन्म घेत नसे, तो पुन्हा उगवत असे, सूर्य रोज उगवतो तसा. काल मावळलेला आणि आज आलेला सूर्य तोच असतो. ‘पुन्हा उजाडणं’ हा शब्द मला जास्त जवळचा वाटतो.

घोटाळ्याला हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकारही जबाबदार आहे. इजिप्शियन लोकांच्या मते आत्मा तीन हजार वर्षं निरनिराळ्या प्राण्यांत फिरून पुन्हा माणसात येतो, असं त्याने लिहून ठेवलं. इजिप्तच्या स्वतःच्या लिखाणात याला आधार नाही. ससाणा, कमळ किंवा पाकोळी यांचं रूप घेता यावं म्हणून मंत्र आहेत खरे. पण ती कर्माची फळं नव्हेत. मृताला हवं तेव्हा, हवं ते रूप घेऊन कबरीबाहेर हिंडून येण्याची ती सोय.

त्यांच्या मते माणसाचे भागही बरेच. ‘का’ म्हणजे जीवशक्ती, तिला अन्नपाणी लागतं. ‘बा’ म्हणजे माणसाच्या तोंडाचा पक्षी, जो दिवसा बाहेर उडतो आणि रात्री देहाकडे परततो. म्हणून देह टिकला पाहिजे. पक्ष्याला घरटं नको का?

मग ओसायरिस आणि यम यांच्यात साम्य काहीच नाही?

एक आहे आणि ते महत्त्वाचं आहे. ऋग्वेदातला यम हा मरून परलोकाची वाट शोधणारा पहिला. ओसायरिसही आधी स्वतः मेला, मग तिथला राजा झाला. दोघांनाही मरण आतून माहीत आहे. बाकी यम फिरतीवर असतो आणि ओसायरिस जागचा हलत नाही. ममीसारखा गुंडाळलेला, हातात राजदंडाची आकडी आणि झोडपणी, तो नुसता बसून असतो.

अनुबिस कुत्रा की कोल्हा?

मराठीत ‘कोल्हा’ म्हटलं की जो प्राणी येतो, तोच पाश्चात्त्य पुस्तकांतला जॅकल. अनुबिसला तेच म्हणत आले आहेत. २०१५ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं की आफ्रिकेतला तो सोनेरी कोल्हा वेगळ्या जातीचा आहे आणि लांडग्याच्या जवळचा आहे. तेव्हा हट्टच असेल तर लांडगा म्हणा. चित्रकारांनी बहुधा तिथल्या कुत्र्यांचाही थोडा चेहरा उचलला आहे.

खरा प्राणी काळा मात्र कधीच नसतो, अंग मातकट पिवळं असतं; चित्रांतला अनुबिस काळा असतो. देवाचा हा काळा रंग गाळाचा आणि पुन्हा उगवण्याचा. वाळवंटाच्या कडेला उथळ पुरलेली प्रेतं हे प्राणी उकरायचे. ज्याच्यापासून भीती त्यालाच राखणदार नेमायचं, ही युक्ती गावोगावच्या माणसांना ठाऊक असते. ओसायरिसचं नाव ठळक व्हायच्या आधी, जुन्या कबरींवरच्या दानमंत्रांत हाक असे ती अनुबिसला. पाचव्या राजवंशात ओसायरिस आला आणि अनुबिस त्याच्या हाताखालचा कारभारी झाला.

ममी करताना देवांचं काय काम?

सगळ्या कामाला सत्तर दिवस लागत. त्यातले चाळीसेक दिवस देह नॅट्रॉनमध्ये सुकत असे. नॅट्रॉन म्हणजे आपल्या पापडखाराच्या जातीचा नैसर्गिक क्षार. पहिली ममी अनुबिसने ओसायरिसची केली, असं ते मानत, त्यामुळे हे काम म्हणजे त्या विधीचीच उजळणी होती.

पोटातले अवयव काढून चार बरण्यांत ठेवत आणि त्यांवर होरसचे चार मुलगे पहारा देत. माणसाच्या तोंडाचा इम्सेती यकृताला, वानरमुखी हापी फुप्फुसांना, कोल्ह्याच्या तोंडाचा दुआमुतेफ जठराला, ससाण्याच्या तोंडाचा केबेहसेनुएफ आतड्यांना. मेंदू नाकातून काढून टाकून देत, कारण त्याचा उपयोग काय हे त्यांच्या लेखी काहीच नव्हतं. हृदय मात्र जागेवर राहू देत. त्याची साक्ष व्हायची होती.

हृदयाच्या तराजूची भानगड काय?

एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात ‘मात’चं पीस. मात म्हणजे सत्य, न्याय आणि जगाची घडी, सगळं एकात. काटा बघायला अनुबिस, लिहून घ्यायला थॉथ. शेजारी अम्मित टपून बसलेली: मगरीचं तोंड, सिंहाचं पुढचं अंग, पाणघोड्याचं मागचं. हृदय जड भरलं तर ती ते खाते आणि माणूस संपतो. लगेच पुन्हा जन्म नाही की दुसरी संधी नाही. यालाच ते ‘दुसरं मरण’ म्हणत आणि त्याचीच खरी भीती होती.

याआधी बेचाळीस देवांपुढे एकेक गुन्हा नाकारायचा. मी खून केला नाही, मी चोरी केली नाही, ही अपेक्षित यादी आहेच. पण बाकीची वाचताना गाव समोर उभं राहतं. मी लेकरांच्या तोंडचं दूध काढून घेतलं नाही. मी तराजूच्या मापात भर घातली नाही. मी वाहतं पाणी अडवलं नाही. पाटाच्या पाण्यावरून भावकीत झालेली भांडणं ज्याने पाहिली आहेत त्याला शेवटचं कलम तिथे का आहे हे कळेल.

आणि इथेच मला हे लोक फार आवडतात, कारण त्यांनी पळवाटही करून ठेवली होती. ममीच्या छातीवर दगडी भुंगा ठेवायचा, त्यावर मंत्र कोरलेला: माझ्या आईकडून आलेल्या माझ्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस. म्हणजे खरं काय ते हृदयाला ठाऊक आहे, फक्त त्याने भर दरबारात बोलू नये.

‘मृतांचा ग्रंथ’ हा त्यांचा धर्मग्रंथ होता का?

नाही. ते नाव १८४२ मध्ये लेप्सियस या जर्मन अभ्यासकाने दिलं. त्यांचं स्वतःचं नाव होतं ‘दिवसा बाहेर येण्याची वचनं’. सुमारे दोनशे मंत्रांचा साठा आणि ऐपतीप्रमाणे त्यातले निवडून घ्यायचे. तयार गुंडाळ्याही विकत मिळत, नावापुरती जागा कोरी ठेवलेल्या. आपण छापील अर्जात नाव भरतो तसंच. लेखनिक अनी याची प्रसिद्ध गुंडाळी इ.स.पू. १२५० च्या सुमाराची. तिच्यातही काही ठिकाणी नाव मागाहून भरल्याचं दिसतं. लांबी जवळपास २४ मीटर, म्हणजे रेल्वेच्या डब्याएवढी. १८८८ मध्ये ब्रिटिश म्युझियमसाठी ती मिळवणाऱ्या वॉलिस बजने तिचे कापून ३७ तुकडे केले. त्याच्या हृदयाचं वजन त्या तराजूत काय भरलं असतं कोण जाणे.

याहून जुने मंत्र पिरॅमिडच्या आतल्या भिंतींवर आहेत. सक्कारा इथल्या उनास राजाच्या पिरॅमिडमधले सगळ्यांत आधीचे, इ.स.पू. २३५० च्या आसपासचे. तेव्हा ही सोय राजघराण्यापुरती होती. पुढे कोणीही मेला तरी त्याच्या नावाआधी ‘ओसायरिस’ लागू लागलं, आपण ‘कैलासवासी’ लावतो तसं, स्त्रियांनाही.

सूर्यदेव रा रात्री कुठे जातो?

पश्चिमेला उतरून होडीने पाताळाचे बारा तास पार करतो. याचा तास-तास नकाशा म्हणजे ‘आमदुआत’. राजांच्या दरीत तिसऱ्या थुतमोसच्या कबरीत तो पूर्ण आहे. ती खोली लंबगोल आहे, भिंती फिकट पिवळ्या, आणि आकृत्या लहान मुलाने काढाव्यात तशा काड्यांच्या. पपायरसची, म्हणजे त्यांच्या कागदाची, प्रचंड गुंडाळी उलगडून भिंतीला लावल्यासारखं वाटतं. बाहेरच्या खोलीत ७४१ देवतांची यादी आहे.

मध्यरात्री, सहाव्या तासाला, सगळ्यांत खोल जागी रा आपल्याच प्रेताला भेटतो. ते प्रेत म्हणजे ओसायरिस. क्षणभर दोघे एक होतात आणि थकलेल्या सूर्यात पुन्हा जीव येतो. राणी नेफेरतारीच्या कबरीत या क्षणाचं चित्र आहे: मेंढ्याच्या तोंडाची ममी, दोन्ही बाजूंना आयसिस आणि नेफ्थिस. शेजारचा मजकूर म्हणतो की ओसायरिस रामध्ये विसावतो आणि रा ओसायरिसमध्ये. माझ्या मते इजिप्तच्या धर्माचं मर्म या एका भिंतीवर आहे. दाणा आणि सूर्य, वर्षाचं उगवणं आणि रोजचं उगवणं, तिथे एकमेकांना टेकतात.

सातव्या तासाला अपेप हा महासर्प वाट अडवतो. बाराव्या तासाला होडी एका सापाच्या शेपटीतून शिरून तोंडातून बाहेर येते, म्हातारे आत जातात आणि तान्हे होऊन निघतात. सकाळच्या सूर्याचं नाव खेप्री, रूप शेणकिड्याचं. शेणाच्या गोळ्यातून आपोआप पिल्लं निघतात असं त्यांना वाटे, म्हणून ‘होणं’ या क्रियापदालाच त्यांनी तो किडा चिन्ह म्हणून दिला.

सेथ खलनायकच ना?

अर्धाच. अपेपला भाला मारायला होडीच्या नाकाडावर उभा असतो तो सेथच. भावाचा खून करणाराच रोज रात्री सूर्याला वाचवतो. सेती या राजाचं नावच ‘सेथचा’ असं होतं. पंचाईत अशी की त्याला अबायडोसला ओसायरिसचं देऊळ बांधायचं होतं. मग तिथे स्वतःचं नाव कोरताना सेथचं चिन्ह गाळून दुसरं चिन्ह वापरलं. यजमानाच्या घरी त्याच्या खुन्याचं नाव घेऊन कसं जाणार?

देवी कोणकोणत्या?

आयसिस आणि नेफ्थिस घारीच्या रूपात विलाप करतात. नूत, म्हणजे आकाश, संध्याकाळी सूर्य गिळते आणि पहाटे जन्माला घालते. सहाव्या रामसेसच्या कबरीच्या छतावर तिच्या लांबलचक देहातून जाणारी सूर्याची बिंबं मोजता येतात. शवपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही तिलाच रंगवत, म्हणजे मेलेला माणूस वर बघेल तर आईच पांघरूण होऊन ओणवलेली. हाथोर पश्चिमेच्या डोंगरात स्वागताला उभी असते. कबरी खोदणाऱ्या कारागिरांची मेरेतसेगेर मात्र घरगुती: नागीण, डोंगरावर राहणारी, नावाचा अर्थ ‘जिला शांतता आवडते ती’.

कबरीतल्या त्या छोट्या बाहुल्या कशासाठी?

ओसायरिसच्या राज्यातही शेती होती आणि शेतीचं काम कोणाला चुकतं? म्हणून बदली मजूर, उशाब्ती. हातात कुदळ, पाठीवर पिशवी. मालकाचा पुकारा झाला की त्यांनी म्हणायचं, ‘हजर, मी आहे.’ तुतनखामेनकडे अशा ४१३ होत्या: वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, आणि वर मुकादम.

सगळ्यांचा यावर विश्वास होता का?

अजिबात नाही. कबरींत कोरलेल्या वीणावादकाच्या एका गीतात सरळ म्हटलंय की तिकडून कोणी परत आलेलं नाही, तेव्हा आहे तो दिवस मजेत घालवा. आणि दरोडेखोर होतेच. नवव्या रामसेसच्या काळातल्या खटल्याचे कागद शिल्लक आहेत. त्यात चोर कबुली देतात की सोबेकेमसाफ राजाच्या ममीवरचं सोनं उतरवलं आणि पेट्यांना आग लावली. देह जाळणं म्हणजे त्या राजाचं दुसरं मरण, हे त्यांना कळत नव्हतं थोडंच.

ही पूजा कधी थांबली?

शेवटचा चित्रलिपीतला लेख नाईलमधल्या फिले बेटावरच्या देवळात आहे, तारीख २४ ऑगस्ट ३९४. आयसिसची पूजा तिथे त्यानंतरही चालू राहिली आणि सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने ते देऊळ बंद केलं. पूर मात्र येतच राहिला. तो थांबवला अस्वानच्या मोठ्या धरणाने, जे १९७० मध्ये पूर्ण झालं. त्याच धरणामुळे फिलेचं देऊळही दगड-दगड सोडवून शेजारच्या बेटावर हलवावं लागलं.

भारतात यातलं काही बघायला मिळतं का?

बडोद्याच्या संग्रहालयात ममी आहे. हैदराबाद, कोलकाता आणि लखनौलाही आहे. जयपूरच्या अल्बर्ट हॉलमधली तुतू ही ममी इजिप्तमधल्या अखमीमची, पुरोहिताच्या घरातली. २०२० च्या पावसात संग्रहालयात पाणी शिरलं तेव्हा तिला काचेच्या पेटीतून बाहेर काढून वाचवावं लागलं होतं. गेलात तर चेहऱ्याकडेच बघत राहू नका. छातीवर पंख पसरलेला शेणकिडा आहे, तो शोधा.